बॅगेला एवढं काय काय लटकवलंयस? तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टीत घरी आले की आत्या विचारते, फोटो टाकला की मैत्रिणी विचारतात, व्हिडिओ कॉलवर तर कुणी ना कुणी विचारतंच, की अगं चांगली आयटीत नोकरी करतेस, एवढी मोठी झालीस, मग बॅगेला हे लहान मुलांसारखं काय काय लटकवलंयस? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, एवढं सगळं आहे तर मग ती गाजलेली दातेरी बाहुली लाबुबू कशी नाही? तर आज दोन्हीचं उत्तर नीट लिहून टाकते.

मी टोकियोत राहते, निशिकासाईला, इकडे आपली भारतीय मंडळी पुष्कळ. ऑफिसला तोझाई या मेट्रो लाईनने जायचं आणि ही लाईन गर्दीसाठीच प्रसिद्ध, डबा खच्चून भरलेला पण आवाज शून्य, कुणी कुणाशी बोलत नाही. मुंबईच्या लोकलमधून आलेल्या बाईला हे फार जड जातं हो, कारण आपल्याकडे दादर येईपर्यंत शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण कुठे झालं तेही कळलेलं असतं. त्यात माझं जपानी कच्चं, बोलायची इच्छा भरपूर पण सुरुवात कुठून करायची तेच कळायचं नाही. ती सुरुवात मला बॅगेने करून दिली.

सावंतवाडीला चितारआळीत घेतलेला एक लाकडी आंबा होता, छोटासा, किल्ल्यांना लावायला म्हणून आणलेला, तो मी बॅगेला अडकवला. आमच्या टीममध्ये एक सीनियर बाई आहेत, कामाशिवाय एक शब्द न बोलणाऱ्या, त्यांनी लिफ्टमध्ये आपणहून विचारलं की हा लाकडाचा आहे का, हाताने रंगवलाय का. मग कळलं की त्या मियागी प्रांताकडच्या, तिकडे नारुकोला कोकेशी नावाच्या बाहुल्या करतात, त्याही लेथवर फिरवलेल्या लाकडाच्या, डोकं फिरवलं की किर्र असा आवाज येतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एक इवलीशी कोकेशी आणून दिली. ती आता आंब्याच्या शेजारी असते, आणि आम्ही दोघी जेवायला एकत्र बसतो.

इथे माणूस स्वतःबद्दल तोंडाने फार सांगत नाही, पण बॅगेवरून बरंच सांगतो. टोकियोतल्या इकेबुकुरोला गेलात तर मुलींच्या इताबॅग दिसतील, म्हणजे पुढे पारदर्शक खिडकी असलेली बॅग आणि तिच्यात एकाच आवडत्या पात्राचे ढीगभर बॅज, ओळीने, ओरखडा पडू नये म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर. बघणाऱ्याला लांबूनच कळतं की ही आपल्यातली, आणि मग दोन अनोळखी मुली डबल आलेले बॅज बदलून घेत तासन्‌तास गप्पा मारतात. मला ते बघताना मनापासून आनंद होतो.

आणि हे फॅड कालपरवाचं नाही. किमोनोला खिसा नसतो, म्हणून एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पुरुष तंबाखूची पिशवी, औषधाची डबी ओबीला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, लटकवायचे, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला नेत्सुके, म्हणजे हस्तिदंती किंवा लाकडी कोरीव गुंडी, कधी ससा, कधी उंदीर. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ताकामादो संग्रहाची खोली आहे, तिथे हे मांडलेत, आलात तर चुकवू नका. ते बघताना मला आजीचा चांदीचा छल्ला आठवला, नऊवारीलाही खिसा नाही, म्हणून किल्ल्या कमरेला, आणि किल्ल्या लटकवायच्याच तर मग नक्षीच्या छल्ल्यालाच. पुढे जपानी मोबाईलला दोरी ओवायला भोक असायचं, त्यात सगळे काहीबाही अडकवायचे, २००८ मध्ये इथे आयफोन आला त्याला भोकच नाही, माझ्या मते तेव्हापासून ही मंडळी बॅगेवर राहायला आली.

गायिका-अभिनेत्री जेन बर्किनच्या नावाची एर्मेस कंपनीची महागडी बॅग सगळ्यांना माहीत असते. तिच्या नावाची ती पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोंना गेली, घेतली एका जपानी कंपनीनेच, आणि तिच्यात बाईंचं नेलकटर अजून लटकत होतं. मला त्या किमतीपेक्षा नेलकटरचं कौतुक वाटतं, कारण ते तिच्या रोजच्या उपयोगाचं होतं.

आता लाबुबू. माझा तिच्यावर काही राग नाही. कासिंग लुंग हा हाँगकाँगमध्ये जन्मलेला, नेदरलंड्समध्ये वाढलेला चित्रकार, त्याने २०१५ मध्ये ही दातेरी पोर काढली, २०१९ पासून बीजिंगची पॉप मार्ट ती बनवते आणि २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसाकडे दिसल्यावर जगभर वेड लागलं. पोर गोड आहे, मला नकोय तो बंद डबा. आत कुठली निघेल माहीत नाही, सीक्रेट, म्हणजे दुर्मिळ, हवी तर शक्यता ७२ मध्ये एक, म्हणून माणूस घेतच सुटतो. ब्रिटनमध्ये दुकानांबाहेर मारामाऱ्या झाल्या म्हणून मे २०२५ मध्ये तिथली विक्री थांबवावी लागली. चीनने तर २०२३ मध्येच ८ वर्षांखालच्या मुलांना असले बंद डबे विकू नका असं सांगितलं, आणि मला ते अगदी पटतं. गाचापोनच्या, म्हणजे पैसे टाकले की गोळ्यातून खेळणं देणाऱ्या, मशीनमध्येही नशीबच असतं हे मान्य, पण तिथे ३००-५०० येन नाणं-नाणं करत टाकताना हात आपोआप थांबतो, निदान माझा थांबतो. नकली लाबुबू आणून लहान बाळाच्या हातात तर मुळीच देऊ नका, बारीक भाग सुटून घशात अडकू शकतात असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलाय.

माझ्या बॅगेवर तिसरी वस्तू आहे ती कांदा म्योजिन देवळातला ओमामोरी, म्हणजे ताईत. अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराजवळचं हे देऊळ, तिथे कॉम्प्युटर आणि डेटा नीट राहावा म्हणून खास ताईत मिळतो, आमच्या लाईनीतले बरेच जण घेतात. वर्ष झालं की तो देवळात परत द्यायचा आणि नवा घ्यायचा अशी पद्धत, मी पाळते. सर्व्हर चालू राहतात ते आमच्या रात्रपाळीमुळे, तरी नमस्कार करून घेते.

एक कामाची गोष्ट, मण्यामण्यांची बारीक साखळी गर्दीत ओढली की उघडते, त्यापेक्षा छोटा कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगची कडी, लावा, आणि डब्यात चढताना बॅग पोटाशी घ्या.

भाचीने लाबुबूच मागितलीय. नाकानो ब्रॉडवे या मॉलमध्ये डबे उघडून काचेत मांडलेल्या मिळतात, चेहरा बघून घेता येतो, रविवारी तिकडून तिला कॉल लावणार आहे, एखादी आवडली आणि किंमत परवडली तर घेईन, नाही तर कोकेशी नक्की.