मॉडेल रोलर कोस्टर 1:25 – ब्रेक, खटका आणि ब्लॉक

लूप आता पक्का झाला आहे, म्हणून त्याचे आकडे एकदाच. उंची 43.5 सेंमी. पायथ्यापासून 40 अंशांपर्यंत त्रिज्या 40 सेंमी, तिथून 90 अंशांपर्यंत 25 आणि माथ्यावर 15. लिफ्ट, म्हणजे साखळीने गाडी वर ओढायचा चढ, 80 सेंमीची असली तरी घर्षण वजा जाता लूपच्या तोंडाशी 55 सेंमी उंचीएवढीच ऊर्जा उरते, म्हणजे वेग साधारण 3.3 मी./से. पायथ्याशी 3.75 जी (वजनाच्या 3.75 पट दाब), त्रिज्या 25 ची होते तिथे 4.4 आणि माथ्यावर 0.5. याच उंचीचा अगदी गोल लूप केला तर पायथ्याशी 6 जी आणि माथ्यावर जवळजवळ शून्य, दोन्हीकडून तोटाच. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमधल्या 'रिव्होल्यूशन'साठी वेर्नर श्टेंगल यांनी थेंबाच्या आकाराचा लूप घेतला तो यासाठीच.

मॉडेल 25 पट लहान केलं की वेग 5 पट कमी होतो, घर्षण मात्र त्या हिशोबाने कमी होत नाही. चाकांच्या 623 बेअरिंगमधलं ग्रीस पेट्रोलने धुवून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. दुसरा थेंब सोडलात की धूळ धरलीच.

लूप सगळ्यांना दिसतो. खरी डोकेफोड आहे ती काहीही बिघडलं तरी गाडी आपोआप थांबावी यासाठी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा चाचणीची सोय आयतीच.

चुंबकी ब्रेक. गाडीखाली 2 मिमी ॲल्युमिनियमची उभी पट्टी, रुळांमध्ये 20×10×5 मिमीच्या निओडिमियम चुंबकांच्या जोड्या. समोरासमोर विरुद्ध ध्रुव, आणि शेजारच्या जोडीत ध्रुव उलटे. चुंबकांच्या पाठीला 3 मिमी एमएस (साध्या पोलादाची) पट्टी हवीच, नाहीतर निम्मा जोर पाठीमागून हवेत जातो. फट 5 मिमी, म्हणजे पट्टीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी. वजन वाचवायला पट्टीला भोकं किंवा खाचा पाडू नका. ब्रेक लागतो तो चुंबकांमुळे पट्टीत फिरणाऱ्या विजेच्या भोवरी प्रवाहामुळे. खाचा पाडल्या की प्रवाहाची वाट तुटते आणि ब्रेक ढिला पडतो.

या ब्रेकला वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आपल्याकडच्या वेगांना प्रत्येक जोडी गाडीचा वेग जवळपास सारखाच उतरवते. 420 ग्रॅमची रिकामी गाडी 2.4 मी./से. ने आली की 12 जोड्यांनंतर 0.6 वर येते, म्हणजे जोडीमागे 0.15. वॉशर भरून तीच गाडी 560 ग्रॅमची केली की जोडीमागे 0.11 च, आणि बाहेर पडते 1.05 ने. भरलेल्या गाडीसाठी 16 जोड्या लागतात. पण तेवढ्या लावल्या की रिकामी गाडी मध्येच अडकते. उपाय म्हणजे ब्रेकच्या टप्प्याला 20 ला 1 असा उतार. मग रिकामी गाडी मुंगीच्या पावलांनी का होईना, बाहेर येते. वेग शून्याकडे गेला की या ब्रेकचा जोरही शून्याकडे जातो, त्यामुळे गाडी धरून ठेवणं त्याला कधीच जमत नाही.

गाडी चिमटीत धरून ठेवणं हे पुढच्या चिमटा-ब्रेकचं काम. स्प्रिंगने बंद, 12 व्होल्टच्या सोलेनॉइडने (वीज दिली की दांडा ओढणाऱ्या कॉइलने) उघडा. उलट कधीच नाही. इथे एसजी90 सर्व्हो (गिअरची छोटी मोटर) चालत नाही, कारण वीज गेली तरी त्याचे गिअर अडून बसतात आणि स्प्रिंगला दाद देत नाहीत. सोलेनॉइड सतत पूर्ण व्होल्टेजवर ठेवला की हात लावू देत नाही इतका तापतो. उघडताना अर्धा सेकंद पूर्ण जोर, मग पीडब्ल्यूएमने (वीज भराभर चालू-बंद करून) 40 टक्के पुरतो. कॉइलवर 1N4007 डायोड उलटा लावा, नाहीतर सोलेनॉइड चालू-बंद करणारा मॉसफेट गेलाच म्हणून समजा.

दोन त्रास हमखास. उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर करून आणलेल्या भागांना लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो. तो चुंबकांवर केसांसारखा उभा राहतो आणि पट्टी खरवडतो. भाग बसवण्याआधी कापडात गुंडाळलेलं चुंबक सगळीकडून फिरवून घ्या. दुसरा पावसाचा: जुलैत प्लायवूड फुगतं आणि ती दीड मिमी फट मिटते. ब्रेक प्लायवर न बसवता ॲल्युमिनियम अँगलवर बसवा, स्क्रू पितळी घ्या.

खटका. लिफ्टवर जो टक-टक आवाज येतो तो साखळीचा नसून गाडी मागे येऊ नये म्हणून रॅचेटवर, म्हणजे दात्यांच्या पट्टीवर, पडणाऱ्या खटक्याचा असतो. आपला खटका हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याचा, दात 5 मिमीवर. साखळी तुटली तर गाडी फार तर एक दात मागे येते. दात 10 मिमीवर घेतले तर आवाज झकास येतो, पण मागे घसरून बसणारा दणका वाढतो आणि ब्लेडचं टोक उडतं.

ब्लॉक. ब्लॉक म्हणजे रुळाचा असा तुकडा की ज्यात एका वेळी एकच गाडी. शेवटी थांबवायची सोय असेल तोच ब्लॉक. आपल्याकडे तीन: स्टेशन, लिफ्ट, आणि लिफ्टच्या माथ्यापासून चिमटा-ब्रेकपर्यंतचा सगळा रूळ. गाड्या दोनच, तिसरी घातली की सगळ्याच एकमेकींची वाट बघत बसतात. माथ्याच्या 10 सेंमी आधीच्या सेन्सरवर गाडीचं नाक आलं आणि पुढचा ब्लॉक मोकळा नसेल, तर साखळी तिथेच थांबते. तेव्हा 36 सेंमीची सगळी गाडी अजून चढावरच असते. सेन्सर माथ्याच्या फार पलीकडे लावला आणि निम्म्याहून जास्त गाडी उतारावर गेली, तर साखळी थांबूनही गाडी स्वतःच्या वजनाने पलीकडे जाते.

ब्रेकजवळ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) नको, तो ब्रेकच्या चुंबकांना फसतो. काळ्या नळीत बसवलेला आरपार इन्फ्रारेड घ्या. उघडा ठेवला तर खिडकीतल्या उन्हात त्याला गाडी आल्याचं कळतच नाही. ब्लॉक मोकळा धरायचा तो शेवटचा डबा पुढच्या सेन्सरवरून गेल्यावरच, नाक दिसल्यावर नाही. वीज परत आल्यावर कोड सगळे ब्लॉक भरलेलेच धरतो आणि गाड्या डोळ्यांनी बघून हाताने रीसेट दाबेपर्यंत एकही चिमटा उघडत नाही.

पुढच्या नोंदीत रुळाखालची चाकं. तीव्र उतारावर मागचा डबा अजून अर्धा मिमी उचलतो आहे.