‘हाउस ऑफ द रायझिंग सन’: खरं गाणं कोणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ इतक्या जणांनी गायलंय, त्यातलं खरं कुठलं, असं मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ‘द ॲनिमल्स’ या ब्रिटिश रॉक बँडचं १९६४ चं रेकॉर्डिंग असतं आणि मी फक्त होकार द्यावा एवढीच अपेक्षा असते.

पण या अमेरिकन लोकगीताचा कर्ता कोण, याची नोंदच नाही. त्यामुळे ‘खरं’ शोधत बसण्यापेक्षा मी एकच गोष्ट कान देऊन ऐकते: गाण्यातल्या न्यू ऑर्लिन्सच्या त्या ‘रायझिंग सन’ नावाच्या घरात वाया कोण गेलं, मुलगा की मुलगी?

१९३७ साली लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्स यांनी केंटकीतल्या मिडल्सबरो गावात जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीकडून हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. बाप खाणकामगार. तिच्या गाण्यात मुलगीच बोलते, माझ्या धाकट्या बहिणीला सांगा, मी केलं ते तू करू नकोस. ॲनिमल्सचा गायक एरिक बर्डन याच्या तोंडी मुलगा आहे आणि तो तमाम आयांना बजावतो, मुलांना सांभाळा. घरातल्या घरात धाडलेल्या निरोपाचं असं जाहीर प्रवचन झालं. शिवाय मुलीच्या गाण्यात तिला बुडवणारा तिचा प्रियकर असतो. मुलगा गायला लागला की त्या जागी जुगारी बाप येतो. घरही बदलतं. मुलीच्या तोंडी ते कुंटणखाना वाटतं, मुलाच्या तोंडी जुगाराचा अड्डा. शेवटी बेडी घालून घ्यायला परत निघायचं म्हटल्यावर काहींना तो तुरुंगही वाटतो.

ॲनिमल्सनी मुलीचा मुलगा केला, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. क्लॅरेन्स ॲश्ली आणि ग्वेन फॉस्टर या अमेरिकन लोकसंगीतकारांच्या १९३३ च्या रेकॉर्डमध्येही मुलगाच आहे. म्हणजे दोन्ही पाठ आधीपासून लोकांच्या तोंडी होते.

अमेरिकन लोकगायिका जोन बाएझनं १९६० मध्ये मुलीचंच गाणं गायलं, फार सुंदर आणि माझ्या मते जरा जास्तच स्वच्छ. गायक बॉब डिलननं १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते रेकॉर्ड केलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता, तरी त्यानं शब्द बाईचेच ठेवले. तो खरखरीत, घाईचा आवाज मला पटतो. त्याची मांडणी मात्र डेव्ह व्हॅन रॉंक या लोकगायकाकडून उचललेली, तीही न विचारता. पुढे लोक व्हॅन रॉंकलाच ‘डिलनचं गाणं गातोस’ म्हणू लागले, म्हणून त्यानं ते सोडलं. मग ॲनिमल्सचं गाजल्यावर डिलनलाही तेच ऐकावं लागलं. (हे वाचून मला दरवेळी हसू येतं.)

ॲनिमल्सची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. हिल्टन व्हॅलेंटाइनच्या गिटारचे सुटे सुटे सूर, वर चढत जाणारा ॲलन प्राइसचा ऑर्गन आणि एका टेकमध्ये उतरलेलं साडेचार मिनिटांचं गाणं! तबकडीवर संगीत-संयोजक (अरेंजर) म्हणून नाव मात्र एकट्या प्राइसचं लागलं आणि त्याची रॉयल्टीही त्यालाच गेली.

तेव्हा ऐकायचंच तर आधी जॉर्जिया टर्नर ऐका, मग ॲनिमल्स. उलट क्रमानं ऐकलंत तर तो ऑर्गन डोक्यातून जात नाही आणि त्या मुलीचं म्हणणं कानावर पडूनही ऐकू येत नाही.