बाईंचा ऑफ तास

शाळेच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका आली, सोबत 'मनोगत पाठवा, तीनशे शब्दांत' अशी चिठ्ठी. गॅदरिंग, सहली, बोर्डाचे निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त बाईंवर लिहिणार. कुठल्या बाई, हे आमच्या वेळच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

ऑफ तासाला बाई वर्गावर आल्या की पाठ्यपुस्तक मिटायचं. नववीत त्यांनी काफ्काची 'मेटामॉर्फॉसिस' सांगितली. पुस्तक इंग्रजी, बाईंच्या तोंडून सरळ मराठी. लेखक प्रागचा ज्यू, गोष्ट छापली गेली १९१५ साली. ग्रेगोर साम्सा, फिरता विक्रेता, सकाळी उठतो तो किडा होऊन. आणि त्याला काळजी कसली, तर पाचची गाडी चुकली! आम्ही खो खो हसलो.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी फळ्यावर हे भलंमोठं झुरळ काढलं, मिशांसकट. बाईंनी डस्टर उचललं, एक मिशी पुसली आणि थांबल्या. "चित्र झकास आहे रे. पण काफ्कानं प्रकाशकाला बजावलं होतं, मुखपृष्ठावर किडा नको, लांबूनसुद्धा नको. त्यापेक्षा बंद दारापुढे उभे आईबाप काढा." झुरळ पुसून खडू त्या चित्रकाराच्याच हातात दिला. त्यानं वाकडंतिकडं दार काढलं आणि उरलेला तास आम्ही दाराबाहेरच्यांवर भांडलो. घर ज्याच्या पगारावर चालत होतं, त्याच्याबद्दल बहीण शेवटी म्हणते, हा ग्रेगोर असता तर आपणहून निघून गेला असता.

बाई रेंगाळल्या त्या मात्र खोलीतलं सामान हलवण्याच्या प्रसंगावर. भिंतीवर सरपटायला मोकळी जागा मिळेल म्हणून ग्रेगोरला आधी बरंच वाटतं. आईचा आवाज ऐकल्यावर त्याच्या लक्षात येतं, टेबल गेलं, कपाट गेलं की आपण माणूस होतो हेही विसरायला होईल. बाईंनी हे दोनदा वाचलं. तेव्हा मला फारसं कळलं नव्हतं. पुढे प्रिमो लेवी या इटालियन ज्यू लेखकाचं, तो जिथे कैदी होता त्या आउश्वित्झच्या नाझी छळछावणीवरचं, १९४७ सालचं पुस्तक वाचलं. कपडे, बूट, केस, शेवटी नावही काढून घेतात आणि हातावर कैदी क्रमांक गोंदतात, १७४५१७. तिथे बाईंचा आवाज ऐकू आला. काफ्काची धाकटी बहीण ओटला आउश्वित्झमध्येच मारली गेली.

मी विमा कंपनीत लागलो, दावे विभागाचा प्रमुख होऊन निवृत्त झालो. काफ्काही प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता, हे मोठ्या फुशारकीनं बाईंना कळवलं. उलट टपाली कार्ड आलं : 'तो रात्री लिहायचा. तू काय करतोस?'

आता ऑफ तासाला मुलांना संगणक कक्षात नेतात म्हणे. न्या बापडे. वाचनालयाला बाईंच्या नावानं थोडी पुस्तकं देतो आहे. ती काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत, एवढीच समितीला विनंती. फाटली तर नवी मी देईन.