तुम्ही विचारलंत म्हणून: व्हाळातले किडे काय सांगतात

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या कुळागरवाल्यांचा (पोफळीच्या बागा करणाऱ्यांचा) हा नेहमीचा प्रश्न: "व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी चांगलं की वाईट, हे किडे बघून कसं कळतं? बाटली भरून लॅबला दिली की झालं ना?"

बाटली भरली त्या घटकेपुरतंच बोलते. गेल्या आठवड्यात कुणी फवारणीचा ड्रम व्हाळात विसळला असेल, तर ते पाणी केव्हाच खाली गेलं. कोळेरोगावरचं बोर्डो मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. पोफळीला ते हवंच, पण मोरचुदातल्या तांब्यापुढे मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं टिकत नाहीत. ती एकाच टापूत कित्येक आठवडे वाढतात. म्हणून ती नाहीशी झाली की काहीतरी घडून गेलं, एवढं कळतं.

पाहणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात लोंढा गोटेच उलथतो, तेव्हा किडे कमी मिळाले म्हणून पाण्याला दोष देऊ नये. अवेळी मोठा पाऊस झाला तर दोन-तीन आठवडे थांबा. जागा खळाळती, गुडघ्याखालच्या पाण्याची. अर्ध्या मिलिमीटर भोकांची जाळी तळाला टेकवून धरायची, तिच्या वरच्या अंगाला उभं राहून पायाने गोटे घुसळायचे, एकूण 3 मिनिटं. सरकायचं खालून वर. उलट गेलात तर आपणच उठवलेला गाळ पुढच्या जागेवर जाऊन बसतो. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये, व्हाळाच्याच पाण्यात.

पोटाच्या बाजूंना कल्ले फडफडतात ती मेफ्लाय. शेपट्या बहुधा तीन, पण दोनवाल्याही असतात आणि तिथेच दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लाय या दुसऱ्या किड्याशी घोळ होतो. तेव्हा पाय बघा: मेफ्लायला टोकाला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. स्टोनफ्लाय ट्रेत जोर काढल्यासारखी वरखाली होऊ लागली, तर तिला प्राणवायू कमी पडतोय, पाणी बदला. वाळूच्या किंवा पानांच्या घरात राहणारी, नाहीतर दगडावर रेशमी जाळं विणणारी ती कॅडिसफ्लाय. पाण्यावर सरसरणाऱ्या निवळ्या मोजू नका, त्या वरची हवा घेतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती बंधाऱ्यापाशी. शिंपणासाठी अडवलेल्या पाण्यात खळाळ संपतो, गाळ बसतो, गोट्यांमधल्या फटी बुजतात. खाणीकडून आलेली तांबडी माती तेच करते. शिवाय कॅडिसफ्लायची जाळी तुंबतात, कल्ल्यांवर थर चढतो. काठची झाडं तोडली की पाणी तापतं: 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणून कोंडीतल्या नमुन्याची तुलना खळाळाशी करायची नाही. ती पाण्याची नव्हे, जागेची परीक्षा होते.

गुणांसाठी ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएमडब्ल्यूपी पद्धत आहे: किड्यांचं कूळ घाणीला जितकं नाजूक, तितके त्याला गुण जास्त. त्यात पर्लिडी कुळाच्या स्टोनफ्लायला 10, जाळं विणणाऱ्या हायड्रोसायकिडी कॅडिसफ्लायला 5, कायरोनोमिडला (डासासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या अळीला) 2, गाळातल्या गांडुळवर्गी कृमींना 1. बेरजेला कुळांच्या संख्येने भागा, म्हणजे नमुना लहान-मोठा झाल्याचा फरक बराच कमी होतो. लाल कायरोनोमिड दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका, त्या थोड्याफार सगळीकडे असतात. बाकी कुणीच नाही आणि त्यांचीच गर्दी, तेव्हा सांडपाण्याची वाट शोधा.

पिण्याचं विचाराल, तर कोलिफॉर्म जंतूंची खबर हे किडे देत नाहीत. त्यासाठी बाटली लॅबला द्यावीच लागते.