शिवराईला लिंबू लावू नका!

आज शेतातल्या मातीत सापडलेली एक शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं) डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून चौथा दिवस. पाणी रोज बदलतोय. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोराईड तांब्याचा शत्रू.

लिंबू, चिंच, पितांबरी ही भांड्यांसाठी. नाण्यावर लावली की हिरवट-तपकिरी थर जातो आणि बऱ्याचदा झिजलेलं अक्षर त्या थरातच टिकलेलं असतं. मग हातात उरतो गुलाबी, गुळगुळीत तांब्याचा तुकडा.

भिजून माती सैल झाली की बांबूची टूथपिक, कडेकडेनं, भिंगाखाली. सुई किंवा तारेचा ब्रश नाही. शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवून पूर्ण कोरडं करायचं (खिडकी उघडी, गॅस बंद).

घट्ट, चकचकीत हिरवा थर चालतो. फिकट हिरवी पावडर नखानं सुटत असेल तर तो तांब्याला लागणारा गंज-रोग. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात तर कुठलंच नाणं नको.

ओळख? एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. ठसा नाण्याहून मोठा, म्हणून अक्षरं अर्धीच दिसतात. त्यावरून नकली म्हणू नका. 'छत्र' आणि 'पति'च्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उशिराची. नाणं 'शिव' म्हणतं म्हणून ते शिवकाळातलंच असं नाही, पेशवाईतही हाच मजकूर पाडत होते.

आणि हो, जमिनीत दडवलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. धुण्याआधी कळवा.