शाळेवर मजला चढवण्याआधी

शाळेच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या दिसल्या की संस्थाचालक धरून चालतात, मजला झालाच! पण उन्हापावसात उघड्या राहिलेल्या सळया बुडाशी, स्लॅबच्या तोंडालाच, आधी झिजतात. तारेच्या ब्रशने गंज काढून कॅलिपरने व्यास मोजा. 16 मिमीची सळई 13 भरली, तर क्षेत्रफळाचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. पायाचं जुनं डिझाइन हाती नसेल, तर एक-दोन कॉलमपाशी खोदून फुटिंग (कॉलमखालचा पायाचा पसरट भाग) पाहावं. काँक्रीटवर आपटून ताकदीचा नुसता अंदाज देणाऱ्या रिबाउंड हॅमरवर भागवू नये, कोअरही (चाचणीसाठी काँक्रीटमधून कापलेले गोल नमुने) काढावेत.

मग जिना. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रमाणे शाळेला किमान 1.5 मीटर रुंदी लागते, रुग्णालयाला 2 मीटर. जुने जिने बहुधा इथेच नापास होतात. बाहेरून नवा जिना जोडायचा, तर तो समासात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) येतो आणि मंजुरीला दिलेला नकाशा परत येतो.

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 45 खाली अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळला नाही, तर मानीव परवानगी मिळते, म्हणजे परवानगी मिळाल्याचं धरलं जातं, पण नकाशा नियमांत बसत असेल तरच. हे ‘तरच’ सोयीस्करपणे विसरलं जातं.