सॉनगॉ म्हणजे निवडणूक

१२ मे २०२५, सोमवार, सुवॉन, दक्षिण कोरिया

आजपासून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा प्रचार अधिकृतपणे सुरू झाला. सकाळी सातला चौकात दोन घोळके उभे होते, निळ्या जॅकेटातले या कोपऱ्यावर, लाल जॅकेटातले समोरच्या. सिग्नल लागला की थांबलेल्या गाड्यांपुढे सगळे एकदम कमरेत वाकतात. गाड्या सुटल्या की बोटांनी आपल्या उमेदवाराचा आकडा दाखवतात, एक किंवा दोन. इथे उमेदवाराला चिन्ह नसतं, नंबर असतो. संसदेत ज्या पक्षाचे जास्त खासदार, त्याचा नंबर पहिला.

कमळ, पंजा, धनुष्यबाण बघत मोठी झाले, त्यामुळे नुसते आकडे मला आधी फार रुक्ष वाटायचे. मग वर्गात १९४८ सालच्या पहिल्या निवडणुकीचं पोस्टर दाखवलं. त्या वेळी पुष्कळ मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून उमेदवाराच्या नावाबरोबर उभ्या रेघा छापल्या होत्या. पहिल्याला एक रेघ, चौथ्याला चार. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रेघा मोजता येतील, एवढा विचार कुणीतरी केला होता. त्या रेघांवर माझा जीवच जडला.

हा वर्ग म्हणजे परदेशी रहिवाशांसाठी सरकार चालवतं तो सामाजिक एकात्मीकरणाचा अभ्यासक्रम. पाचव्या टप्प्यात भाषा मागे पडते आणि कोरियन समाज, कायदा, इतिहास सुरू होतो. पुढचा धडा निवडणुकीचा आहे. शब्द आज लिहून घेतला: सॉनगॉ. त्यातला ‘ऑ’ म्हणजे आपल्या ‘ऑफिस’मधला नव्हे, तो ‘अ’कडे झुकलेला. ओठ गोल न करता म्हणायचा.

१५ मे, गुरुवार

आज इथे शिक्षक दिन. सेजोंग राजाचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख निवडलेली आहे, ज्याने कोरियन लिपी दिली तो राजा. बाईंनी आज नवीन काही शिकवलं नाही, सॉनगॉची वाक्यं घोटून घेतली. मला या वर्गात सगळ्यात आनंद होतो तो अशा दिवशी, कारण व्हिएतनामी आणि फिलिपिनो मैत्रिणी जिथे अडतात तिथे मराठीच आपल्याला हात देते. कोरियनमध्ये आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतात.

‘सॉनगॉ-ए नागादा’, निवडणुकीला उभं राहणं. शब्दशः निवडणुकीत ‘बाहेर पडणं’. ‘सॉनगॉ-एसॉ इगिदा’, निवडणुकीत जिंकणं. ‘सॉनगॉ-रो प्पोप्ता’, निवडणुकीने निवडणं. आपले ला, त, ने जवळजवळ जागच्या जागी बसतात. आणि हरलेल्या उमेदवाराला काय म्हणतात? ‘सॉनगॉ-एसॉ त्तॉरॉजिदा’. त्तॉरॉजिदा म्हणजे पडणं. निवडणुकीत पडला! सांगली-साताऱ्याकडे कट्ट्यावर बसून जसं म्हणतात अगदी तसं. परीक्षेत नापास झालेला मुलगाही इथे ‘पडतो’.

एक गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांनी आधीच पक्की करावी. ‘मत दिलंस का?’ असं विचारायचं असेल तर सॉनगॉ हा शब्द वापरायचा नाही, तिथे ‘थुप्यो’ हवा. थुप्यो म्हणजे मतदान, एका माणसाची एका दिवसाची कृती. सॉनगॉ म्हणजे तो सगळा पसारा: अर्ज, प्रचार, मतदान, मोजणी, निकाल. म्हणून ‘थुप्योहॅस्सॉयो?’ असं विचारतात.

दुसरी गोष्ट बातम्या ऐकणाऱ्यांसाठी. कोरियन लोक लांब शब्द कापून टाकतात आणि सॉनगॉतला ‘सॉन’ तेवढा ठेवतात. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक देसॉन, संसदेची छोंगसॉन. निवडून येणं दांगसॉन, पडणं नाकसॉन. हा एक ‘सॉन’ कानाला ओळखता आला की रात्री नऊच्या बातम्यांतला निम्मा मथळा उलगडतो.

पण मला मनापासून आवडलं ते ‘छिरुदा’ हे क्रियापद. देश निवडणूक घेतो तेव्हा ‘सॉनगॉरुल छिरुदा’ म्हणतात. हेच क्रियापद परीक्षेला लागतं, लग्नकार्याला लागतं, अंत्यविधीला लागतं, आणि एखाद्या गोष्टीची किंमत मोजण्यालाही. जे टाळता येत नाही आणि ज्यातून सगळ्यांनी मिळून पार पडायचं असतं, त्याचं हे क्रियापद.

१८ मे, रविवार

धड्यात निवडणुकीची चार तत्त्वं आहेत: सार्वत्रिक, समान, प्रत्यक्ष, गुप्त. इथली शाळकरी मुलं ती एका दमात म्हणतात, बोथोंग, प्यॉंगदुंग, जिकजॉप, बिमिल. राज्यघटनेच्या ६७व्या कलमात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी हेच चार शब्द आहेत. परीक्षेसाठी एवढं पाठ असलं तरी भागतं, पण ‘प्रत्यक्ष’ हा शब्द वेगळा कशाला लिहावा लागला, हे मला कळून घ्यायचं होतं.

म्हणून आज नवरा आणि मी सोलला गेलो तेव्हा मुद्दाम जांगछुंग स्टेडियमवर थांबलो. तीन नंबरच्या मेट्रोने दोंगगुक विद्यापीठाच्या स्टेशनला उतरलं की समोरच घुमटाची गोल इमारत दिसते. १९६३ साली उघडलेलं हे इनडोअर स्टेडियम, आता इथे व्हॉलीबॉलचे सामने होतात. बाहेर पोरं सावलीत आइस्क्रीम खात बसली होती.

१९७२च्या डिसेंबरमध्ये याच घुमटाखाली राष्ट्राध्यक्ष ‘निवडला’ गेला. त्याआधी १९७१ साली लोकांनी थेट मत दिलं होतं आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चंग-ही यांना विरोधी उमेदवार किम दे-जुंग यांनी चांगलंच जेरीस आणलं होतं. पुढच्याच वर्षी पार्क यांनी लष्करी कायदा लावून नवी घटना आणली. राष्ट्राध्यक्ष निवडायचं काम जनतेकडून काढून एका परिषदेकडे दिलं, आणि त्या परिषदेचे अध्यक्ष स्वतः पार्कच. उमेदवार एक. २,३५९ प्रतिनिधींपैकी २,३५७ मतं त्यांना, दोन बाद. विरोधात एकही नाही. कोरियन माणसं याला ‘छेयुकग्वान सॉनगॉ’ म्हणतात, स्टेडियममधली निवडणूक. सॉनगॉच्या आधी लावलेला हा एक शब्द आजही कुणी उच्चारला की समोरच्याचा चेहरा कठोर होतो.

आणि आज १८ मे. १९८० साली याच दिवशी ग्वांगजू शहरात सैनिक लोकांवर तुटून पडले. ज्यांच्या हातात तेव्हा लष्कर होतं ते चुन दू-ह्वान त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ह्याच इमारतीत राष्ट्राध्यक्ष झाले, २,५२५पैकी २,५२४ मतांनी. हे दोन आकडे मी त्या पायऱ्यांवर उभं राहून वहीत लिहिले. मला रडू आलं, ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. तीन महिन्यांपूर्वी ज्यांची मुलं गेली त्यांच्या नावानेही तो निकाल जाहीर झाला होता.

आमच्या वर्गात मदतीला येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. १९८७च्या जूनमध्ये ते विद्यार्थी होते. त्या जानेवारीत पार्क जोंग-छॉल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळात मेला, ९ जूनला ली हान-यॉल अश्रुधुराच्या नळकांडीने जखमी झाला आणि ५ जुलैला गेला. मधल्या दिवसांत शहरंच्या शहरं रस्त्यावर होती आणि त्यांच्या तोंडी एक शब्द होता: ‘जिकसॉनजे’. प्रत्यक्ष निवडणुकीची पद्धत. किती कोरडा, तांत्रिक शब्द! कायद्याच्या पुस्तकातला. तो शब्द ओरडत लाखो माणसं चालली. २९ जूनला सत्ताधारी पक्षाचे रो ते-वू यांना तो मान्य करावा लागला.

हे गृहस्थ म्हणाले, “माझा थोरला भाऊ पस्तिशीचा होता आणि मी एकवीस. त्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षासाठी आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच मत दिलं, एकाच रांगेत उभं राहून.” म्हणजे मधली अख्खी पिढी, नोकरीला लागली, लग्नं झाली, पोरं झाली, आणि हा हक्क काय असतो हे तिला ठाऊकच नाही. तरी त्या निवडणुकीत किम आडनावाच्या दोन विरोधी नेत्यांमध्ये मतं फुटली आणि रो ते-वूच निवडून आले, ३६.६ टक्क्यांवर. मी विचारलं, मग वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, खूप वाटलं, पण पाच वर्षांनी परत येणारच होती ना सॉनगॉ.

२९ मे, गुरुवार

आजपासून दोन दिवस आगाऊ मतदान. आपल्या पत्त्याशी बांधून राहायची गरज नाही, देशातल्या कुठल्याही केंद्रावर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, मतपत्रिका तिथल्या तिथे छापून मिळते. आमच्या घरमालकीणबाई सकाळीच जाऊन आल्या. हाताच्या पालथ्या बाजूवर लाल शिक्का मारून आणला होता, तरुण पोरं मारतात तसा. मला हात जवळ धरून दाखवला.

शिक्का म्हणजे एक छोटं वर्तुळ आणि आत एक उभी रेघ, तिला उजवीकडे एक तिरकी फांदी. चिनी लिपीतलं ‘बोक’ हे अक्षर. पूर्वी नुसतं वर्तुळ असायचं. मतपत्रिका घडी घातली की ओली शाई दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटायची आणि मत कुणाला ते ठरवता येईना. मग आत एक खूण घातली, पण ती डावी-उजवी सारखीच दिसे, त्यामुळे अडचण राहिलीच. १९९४ पासून हे अक्षर आलं. घडीने उमटलेला ठसा उलटा दिसतो, फांदी डावीकडे जाते, आणि मोजणाऱ्याला खरा ठसा कुठला ते लगेच समजतं. एकाही माणसाचं मत घडीपायी वाया जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. अशा बारीक कामांबद्दल मला फार आदर वाटतो.

‘गुप्त’ या तत्त्वामागेही एक जखम आहेच. १५ मार्च १९६० च्या निवडणुकीत तिघातिघांचे, नऊनऊ जणांचे गट करून लोकांना केंद्रावर नेलं आणि गटप्रमुखाला मत दाखवायला लावलं. मासानमध्ये निदर्शनं झाली, गोळीबार झाला. बेपत्ता झालेल्या किम जू-यॉलचं प्रेत ११ एप्रिलला बंदराच्या पाण्यात मिळालं, डोळ्यात अश्रुधुराची नळकांडी रुतलेली. शाळकरी मुलगा होता. २६ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी राजीनामा दिला. ‘बुजॉंग सॉनगॉ’, गैरप्रकाराची निवडणूक, हा शब्दप्रयोग ऐकला की इथे पहिल्यांदा ते वर्ष आठवतं.

घरमालकीणबाईंनी विचारलं, तुम्ही भारतातली निवडणूक इथून करता का? नाही म्हणावं लागलं. कोरियन माणूस २०१२ पासून परदेशातल्या दूतावासात जाऊन मत देऊ शकतो. आपण परदेशी राहणारे भारतीय मात्र मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला त्या दिवशी आपल्या बूथवर हजर असावं लागतं. गेल्या २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं तेव्हा मी इथे होते. आई फोनवर शाईचं बोट दाखवत होती. आपल्या लोकांसाठीही दूतावासात मतदानाची सोय व्हावी, असं मला फार वाटतं.

३ जून, मंगळवार

सुट्टी. सकाळी सहा ते रात्री आठ मतदान. शेजारची शाळा केंद्र आहे, तिच्या भिंतीवर उमेदवारांची पोस्टरं ओळीने लावलेली: १, २, ४, ५ आणि पुढचे. तीन नंबरचा मान ज्या पक्षाचा, त्याने उमेदवारच दिला नाही, म्हणून मधे तीन नाही. एक लहान मुलगी आजोबांना विचारत होती, तीन कुठे गेला? आजोबांनी नीट समजावून सांगितलं. मग मुलीने सांगितलं की तिच्या वर्गातही निवडणूक झाली, ‘बानजांग सॉनगॉ’, मॉनिटरची. इथे हा शब्द मुलांच्या तोंडी येतो तो इथूनच.

ही निवडणूक वेळेआधीच आली. गेल्या ३ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून होतो. खासदार कुंपणं चढून संसदेत पोहोचले आणि हजर असलेल्या सगळ्या १९० जणांनी तो कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं. ४ एप्रिलला घटना न्यायालयाने एकमताने युन यांना पदावरून दूर केलं. साठ दिवसांच्या आत निवडणूक, तो आजचा दिवस. जांगछुंगच्या पायऱ्यांवर उभी राहून आल्यामुळे मला आजची प्रत्येक रांग वेगळी दिसली.

रात्री आठला तिन्ही मोठ्या वाहिन्यांचा एक्झिट पोल लागला. मतदान ७९.४ टक्के.

४ जून, बुधवार

निकाल लागला: ली जे-म्यॉंग ४९.४२ टक्के, किम मून-सू ४१.१५. बातम्यांत सकाळपासून ‘दांगसॉन’. दुपारच्या आत शपथविधीही झाला, कारण खुर्ची रिकामीच होती.

आता पुढच्या वर्षी ३ जूनला स्थानिक निवडणुका. कायम रहिवासाचा परवाना मिळून तीन वर्षं झालेल्या परदेशी माणसाला इथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, २००६ पासून.  नवऱ्याला परवाना मिळून झाली तेवढी वर्षं, त्याचं नाव यादीत लागेल. मला अजून हा अभ्यासक्रम संपवून अर्ज करायचाय, म्हणजे माझी पाळी २०३० ला.

त्याला एका वेळी सात मतपत्रिका मिळतील: प्रांताचा गव्हर्नर, महापौर, प्रांताच्या आणि शहराच्या सभांच्या दोन-दोन, आणि शिक्षणप्रमुखाची एक. शिक्षणप्रमुखाच्या उमेदवाराला पक्षही नसतो, नंबरही नसतो. घरी येणाऱ्या जाड पाकिटात प्रत्येक उमेदवाराची पत्रकं असतात, आणि नवऱ्याची कोरियन भाषा कंपनीतल्या कामापुरतीच. तेव्हा ती सगळी मी वाचून दाखवणार, शाळेच्या दुपारच्या जेवणाबद्दल कोण काय म्हणतंय ते आधी. मत कुणाला द्यायचं ते त्याने मला सांगायचं नाही, असं आजच ठरलंय. आज संध्याकाळपासून नवी यादी सुरू केली: दोजिसा (गव्हर्नर), सिजांग (महापौर), सिउइवॉन (नगरसेवक), ग्योयुकगाम (शिक्षणप्रमुख).